पेशंट कोण?

पहिल्यांदा मीटिंगला गेले तेव्हा मला शेजारच्या वर्गात पाठवलं. दारात एक काका उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात बिस्किटांचे पुडे. माझ्याकडे बघून एवढ्या आपुलकीने म्हणाले, "या ताई, पण तुमची खोली ती पलीकडची, ही आमची पेताडांची," आणि स्वतःच हसले. मीपण हसले, आणि गुमान पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. एकदा नाही, लागोपाठ तीन शनिवार.

पलीकडच्या खोलीत बसायच्या त्या पिणाऱ्यांच्या बायका. आणि त्यांच्यात मी, जिच्या नवऱ्याने आयुष्यात कोकम सरबतापेक्षा कडक काही घेतलेलं नाही.

नाव लिहीत नाही, तो तिथला नियमच आहे. डोंबिवलीत राहते, बँकेत आहे, वय सत्तेचाळीस. सुरुवात कशी झाली वगैरे सगळे विचारतात आणि त्यात खरंच काही राम नाही, ऑफिसच्या पार्टीत एक ब्रीझर, मग आई गेली त्या वर्षी रात्री झोप यावी म्हणून थोडी, मग थोडीला काही अर्थ उरला नाही. व्होडका, कारण वास कमी येतो असं ऐकलं होतं. (येतो. सगळ्यांना येतो. फक्त बाईला येत असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही.)

सांगण्यासारखी गोष्ट आहे ती मिस्टरांची. स्टेशनजवळच्या वाइन शॉपवर पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या पोराने काही विचारलंही नव्हतं तरी मी म्हटलं, मिस्टरांचे पाहुणे आलेत. मग ते पाहुणे दर तीन दिवसांनी यायला लागले. पोरगा वहिनी म्हणायचा, मला गर्दीतून पुढे घ्यायचा, बाटली पेपरात गुंडाळून द्यायचा आणि एकदा तर म्हणाला, वहिनी दादांना सांगा जरा कमी करा. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, हे ज्यांना माहीत आहे तेही विसरलेले असतात, पण मी माझ्यापुरता परवाना काढून ठेवला होता आणि तो नवऱ्याच्या नावावर होता.

तपासणीत लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, फॅटी लिव्हर, तळलेलं बंद करा, चाला. आणि मी उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "मिस्टर घेतात का हो? हल्ली स्ट्रेस फार." मी म्हटलं, कधीतरी. मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी खोटंच बोलले असते ही गोष्ट वेगळी, पण मला खोटं बोलायची संधीसुद्धा मिळाली नाही याचा तेव्हा आनंद झाला आणि आता राग येतो. कारण दारू बाईला पुरुषापेक्षा लवकर गाठते. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, पोटात दारू मोडणारं एन्झाइम कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत रक्तात जास्त चढते आणि लिव्हरचं वाटोळं कमी वर्षांत होतं. म्हणजे जिला आधी विचारायला पाहिजे तिला कोणीच विचारत नाही.

दारू आणि बाई म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चित्रं दोनच. एक मार खाणारी आणि दुसरी मोर्च्यातली. वॉर्डातल्या पुरेशा बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, ही महाराष्ट्राची खास गोष्ट, आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून, बायका त्यात पुढे होत्या. ते सगळं खरंच मोठं आहे, मला त्यात काही खोट काढायची नाही. आमच्याही कॉलनीच्या तोंडाशी बार येणार होता तेव्हा महिला मंडळाने निवेदन काढलं. त्यावर माझी सही आहे. तिसऱ्या नंबरला. करताना हात थरथरला नाही, कारण संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि माझी झालेली होती.

सकाळी थरथरायचा. मी ज्या डेस्कवर होते तिथे चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायचं काम, पंधरा वर्षं तेच केलंय, लोकांच्या सहीतला एक फाटा इकडचा तिकडे झाला तरी मला कळतो. एका मंगळवारी मुलीच्या क्लासला दिलेला माझा स्वतःचा चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. मी तो हातात घेऊन बघितला आणि प्रामाणिकपणे सांगते, मी असते तरी परतच केला असता.

तरी तेव्हाही मी कुठे गेले नाही. त्याच्या आधी २०२० मध्ये लॉकडाउनला दुकानं मार्चअखेरीस बंद झाली ती ४ मेला उघडली, मधले चाळीस दिवस. माझा साठा आठव्या दिवशी संपला, आणि नवव्या दिवशी अंगाला थरथर, घामाने उशी ओली, रात्रभर डोळा लागेना, भिंतीवरून काहीतरी सरकतंय असं वाटायचं. मला वाटलं कोरोना. नवऱ्याने वाफा दिल्या, काढा दिला, ऑक्सिमीटर लावून बसला. तो कोरोना नव्हता, शरीर दारू मागत होतं. इथे एक गंभीरपणे सांगते कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम स्वतःच्या मनाने तोडायची नसते. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, दोन-तीन दिवसांत माणूस जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं घेऊन सोडायची. मी वाचले ते काढ्याने नाही, नशिबाने. आणि ४ मेला काय केलं ते सांगायला नको.

मग २०२२ चा जुलै. वॉशिंग मशीन पाणी सोडेना म्हणून मेकॅनिक आला. मी किचनमध्ये कणीक मळत होते, नवरा हॉलमध्ये लॅपटॉपवर. मशीन पुढे ओढल्याचा आवाज आला आणि माझे हात पिठातच थांबले. पोरगा शांतपणे एकेक बाहेर काढत होता, क्वार्टर, अजून एक क्वार्टर, एक हाफ, आणि फरशीवर ओळीने लावत होता, जशी काही मशीनचे पार्ट आहेत. पाच झाल्या. मग म्हणाला, साहेब, या काय करू?

नवरा उठून आला. त्याने बाटल्यांकडे बघितलं, किचनच्या दाराकडे बघितलं, मला वाटतं दीड सेकंद. आणि म्हणाला, "माझ्या आहेत. राहू दे."

पोरगा हसला, बिल केलं, पाइपमध्ये अडकलेलं रुपयाचं नाणं दाखवून गेला. आम्ही दोघं चार दिवस कामापुरतंच बोललो. तो चिडला असता तर मी त्याच्या दुप्पट चिडले असते, त्याची तयारी माझी कायमची होती. पण त्याने मी वाइन शॉपवर, दवाखान्यात, सगळीकडे त्याच्या माथी मारलेली गोष्ट आपणहून उचलून घेतली, ती पण एका अनोळखी पोरासमोर, आणि त्याला माहीतही नव्हतं की ती आधीपासून त्याच्याच नावावर आहे.

पाचव्या दिवशी लंच टाइमात बँकेच्या जिन्यात उभी राहून फोन लावला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्याची हेल्पलाइन नेटवर सापडते, मीटिंगच्या याद्यापण असतात, वार, वेळ, भाषा, शाळा किंवा चर्चचा हॉल. सापडणं अजिबात अवघड नाही. दोनदा लावून कट केला. तिसऱ्यांदा पलीकडून एका गृहस्थाचा आवाज आला, मागे प्रेशर कुकरची शिट्टी, म्हणजे घरूनच बोलत होते. "बोला मॅडम. पेशंट कोण?"

आणि मी म्हटलं, "मिस्टर."

सवयच हो. जीभेला वळणच पडलेलं. ते बिचारे फार चांगलं बोलले, म्हणाले त्यांना आणायची घाई करू नका, आधी तुम्ही या, तुमच्यासाठी वेगळा ग्रुप असतो, अल-ॲनॉन, घरच्यांसाठी, आमच्या शेजारच्याच वर्गात भरतो. मी ठाण्याचा पत्ता घेतला, डोंबिवलीतला नको होता. ट्रेनमध्ये लेडीज डब्यात बसून मी स्वतःला समजावत होते की तिथे गेल्यावर सांगू खरं काय ते. तर दारात काका आणि बिस्किटं.

महापालिकेची शाळा, पहिली-दुसरीचा वर्ग असावा, बाकं एवढी बुटकी की गुडघे हनुवटीला. भिंतीवर बाराखडी, खिडकीत वाळलेली तुळस, फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीची हजेरी, मुलगे १९, मुली २२. सात-आठ बायका. एकीच्या मांडीवर भाजीची पिशवी, मीटिंगभर ती शेंगा सोलत होती, बोलतानाही. पंखा लावला की फळ्याचा खडू उडायचा, बंद केला की उकडायचं, त्यावरून दर वेळी पाच मिनिटं जायची.

कोण काय बोललं ते लिहिणार नाही, ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं. पण मी तिथे बसून काय ऐकत होते याचा विचार करा. दाराच्या लॅचमध्ये किल्ली कशी फिरते त्यावरून आज किती झालीय ते कळणं. जेवायला वाढताना ताट आपटू नये म्हणून श्वास धरणं. पाहुण्यांना यायला नको म्हणायची कारणं पाठ असणं. सगळ्या बोलत होत्या आपापल्या नवऱ्याबद्दल आणि मला दिसत होतं आमच्या मुलीच्या खोलीचं दार, जे संध्याकाळी सातनंतर बंद असायचं, आणि मला वाटायचं अभ्यास करते.

त्यांच्यातच लोइसची गोष्ट ऐकली. ज्या बिलने अमेरिकेत ए.ए. सुरू केलं त्याची ही बायको. सोळा-सतरा वर्षं ती त्याची दारू सोडवायला झटली, नोकरी करून घर चालवलं, काही उपयोग झाला नाही. मग तो सुटला तो भलत्याच लोकांच्या संगतीत, आणि रोज मीटिंगांना पळायला लागला. एकदा म्हणाला चल, आटप, मीटिंगला उशीर होतोय, तर हिने पायातला बूट काढला आणि फेकून मारला, खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा. मग स्वतःच चाट पडली, की दारू सुटली तर मग मला एवढा राग कसला आला? त्यातून पुढे १९५१ मध्ये अल-ॲनॉन उभं राहिलं. बूट म्हटलं तर काही नाही, पण तिथे सगळ्या ती गोष्ट सांगताना चप्पल म्हणतात आणि सांगताना एकेकीच्या चेहऱ्यावर जे काही येतं ना!

तिसऱ्या शनिवारी मला बोलावं लागलं. आणि मी बोलले की. ते बाटल्या मशीनमागे लपवतात. स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत घालून ऑफिसला नेतात. वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळत बसतात. मुलीच्या गॅदरिंगला गेले आणि तिचा डान्स आठवत नाही, पहिल्या रांगेत बसून आठवत नाही. खूप वेळ बोलले, कोणी थांबवलं नाही. तिथे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत.

मीटिंग संपल्यावर माई माझ्याजवळ आल्या. सगळ्यात जुन्या त्या, सगळे माईच म्हणतात. शेंगांची टरफलं त्यांच्याच बाकाखाली पडली होती ती गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नवऱ्याच्या बाटल्यांबद्दल बोलताना आम्ही चिडतो गं. तू लाजत होतीस."

मी काहीच बोलले नाही.

"चल," म्हणाल्या, आणि माझा दंड धरला, लहान मुलीला शाळेत सोडायला नेतात तसा. त्या वर्गाची मीटिंग उशिरा सुरू व्हायची, नुकतीच चालू होत होती. काका दारातच. माई म्हणाल्या, "हिची खोली ही आहे." काकांना आधी कळेना, मग कळलं, आणि मग त्यांचा चेहरा जो झाला तो मी अजून विसरले नाही. बाजूला सरकले आणि म्हणाले, "माफ करा ताई. तीन आठवडे फुकट घालवले तुमचे."

आत बावीस पुरुष. मोजले, बँकेची सवय. एम्सच्या लोकांनी केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला त्यात आहे, पुरुषांत २७.३ टक्के पिणारे, बायकांत १.६. म्हणजे साधारण सतरांमागे एक. हा आकडा पिणाऱ्यांचा, व्यसनी लोकांचा नाही हे कबूल, पण बावीसांमागे मी एक, हिशोब जवळपास जुळला असं तेव्हा मनात आलं आणि त्या अवस्थेतही हसू आलं. त्याच सर्व्हेत दुसरा आकडा आहे तो जास्त खरा वाटतो, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. बाकीच्या सदतीस लोकांपैकी किती जण शेजारच्या खोलीत बसलेत देव जाणे.

पाळी माझ्यावर आली. आधीचे सगळे म्हणत होते, नमस्कार, मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे. ते मला जड नव्हतं, इंग्रजी शब्द असला की अर्धी लाज कमी होते. पण तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. "मी पितो."

वर्ग शांत. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच, चांगल्या हेतूनेच, "म्हणजे... मिस्टर पितात का?"

"नाही ओ," मी म्हटलं, "मीच पितो."

माझं माहेर कोल्हापूरचं. आमच्याकडे पोरी, बायका सगळ्या मी येतो, मी जातो, मी खाल्लो असंच बोलतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासरी एवढी थट्टा झाली की वर्षभरात जीभ वळवून घेतली, मी येते, मी जाते. चोवीस वर्षं एकदाही चुकले नव्हते. आणि त्या दिवशी कुठल्या कोपऱ्यातून माहेरचं आलं कोण जाणे. नंतर खूप विचार केला तर वाटलं, बरोबरच आलं. "मी पिते" हे वाक्य मी कधी ऐकलेलंच नव्हतं. दारुडा आहे, बेवडा आहे, पेताड आहे, पिदाड आहे, एकाला दहा शब्द. बाईसाठी आहे ते फक्त शिवी म्हणून, आणि ती शिवी ऐकली की त्यात दारू दुय्यम असते.

ए.ए.चं पुस्तक निघालं १९३९ साली, त्या नावाचीपण अशीच गंमत आहे. 'शंभर पुरुष' असं काहीतरी नाव ठेवायचं घाटत होतं. आणि तेव्हा त्यांच्यात फ्लॉरेन्स नावाची एक बाई होती. एकच. तिने हरकत घेतली, मी काय पुरुष आहे का, आणि ते नाव गेलं. मला ही फ्लॉरेन्स फार जवळची वाटते. पुढे ती परत प्यायला लागली आणि त्यातच संपली, म्हणजे गोड शेवट नाही. पण नाव बदलून गेली.

आणि मराठीचा एक उपकार आहे तो मला त्याच वर्गात कळला. ए.ए.च्या बारा पायऱ्या असतात, त्यातली पहिली मीटिंगमध्ये वाचतात, आम्ही कबूल केलं की दारूपुढे आम्ही हतबल झालो होतो, असं काहीसं. आता 'मी' म्हटलं की मराठी लगेच विचारते बाई का बुवा, पितो का पिते, झालो का झाले. 'आम्ही' म्हटलं की विचारत नाही. आम्ही पितो, आम्ही हतबल झालो, बाई असो बुवा असो, एकच. व्याकरण शिकवणाऱ्या बाईंनी हे सातवीत सांगितलं असणार, पण बावीस पुरुषांबरोबर एका सुरात ते वाक्य म्हणताना पहिल्यांदा लक्षात आलं की यात मी कुठे चिकटवलेली नाही, मी आधीपासून आहे. पहिले तीन महिने मी 'आम्ही'तच लपून बसले. लपायलाही जागा लागते.

काकांनी पहिल्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पिटाळलं, मीटिंगने थरथर थांबत नाही, आधी औषधं. आठ दिवस रजा, नवरा घरी, गोळ्या कमी कमी करत बंद. खरं म्हणजे मला भरती करायचं चाललं होतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं, बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे एवढ्या बायका आहेत की वेगळा विभाग लागतो! ही बातमी मला कुठल्याही औषधापेक्षा लागू पडली असं म्हणेन.

मीटिंगमध्ये होतं काय हे लोक फार विचारतात, त्यांना वाटतं काहीतरी लेक्चर असेल. काही नसतं. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, चहा, टोपली फिरते, दहा-वीस रुपये टाकायचे, नसतील तर नाही टाकायचे. फी नाही, फॉर्म नाही, नाव नोंदवायचं नाही. एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे. सुटलेली पाहिजे असं नाही. मूळ प्रकारच असा सुरू झाला, १९३५ मध्ये अॅक्रन नावाच्या गावी धंद्यात आपटी खाल्लेला बिल, पिण्याची तलफ आली म्हणून दुसरा पिणारा शोधत फिरला आणि डॉक्टर बॉबला भेटला. डॉक्टर म्हणे फक्त पंधरा मिनिटं देतो म्हणून आले होते, बसले सहा तास. १० जूनला डॉक्टरांनी शेवटची घेतली तो ए.ए.चा वाढदिवस. भारतात १९५७ पासून आहे. माझा भाऊ, जो प्रत्येक गोष्टीत पुरावा मागतो, त्याने शोधून मला पाठवलं की २०२० मध्ये कोक्रेन नावाच्या, वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं एकत्र करून बघितलं आणि पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत हा प्रकार इतर मान्य उपचारांच्या तोडीचा, कधी वरचढ निघाला. मी म्हटलं बरं झालं बाबा, आता जायला हरकत नाही.

सगळंच आवडतं असं नाही. देवाचं बोलणं फार होतं, ज्याला जसा वाटेल तसा देव म्हणतात पण शेवटी तो स्वामींच्याच रूपात येतो. काही पुरुष आपल्या पिण्याच्या गोष्टी पानिपतासारख्या सांगतात, तलवार अजून हातात असल्यासारख्या. आणि ताई म्हणून सगळे जपतात ते ठीक आहे, पण नवीन येणाऱ्या मुलींना मी आधी माझा नंबर देते आणि सांगते, रात्री दहानंतर तलफ आली तर मला फोन कर, कुठल्या दादाला नाही, दादा कितीही चांगला असो. बायकांच्या वेगळ्या मीटिंगा मुंबईत आणि झूमवर आहेत, तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नुसतं "मी पिते" हे दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं आणि मोबाइलच्या स्क्रीनसमोर भोकाड पसरलं.

दिवाळीत घसरले. चकल्या तळत होते, घरात वीस माणसं, कोणीतरी नवऱ्यासाठी म्हणून गिफ्ट पॅक आणलेला. नवऱ्यासाठी! चौसष्ट दिवसांचं मातेरं अर्ध्या तासात. पुढच्या शनिवारी जाऊन सांगितलं, स्लिप झाली, एक दिवस झाला. कोणी अरेरे केलं नाही. काकांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला आणि म्हणाले माझ्या नऊ झाल्यात, तुमची एकच.

नवऱ्याला मी कधी चल म्हटलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तोच एका शनिवारी शर्टाला इस्त्री करत म्हणाला, मीपण येऊ का, त्या दुसऱ्या खोलीत? मी म्हटलं तिथे सगळ्या बायका आहेत. म्हणाला, मग काय झालं, तू नाही का बसत बावीस जणांत.

शाळेच्या गेटपाशी मी दूध आणायला मागे थांबले, चहाचं त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. तो पुढे गेला. दारात काका नव्हते, नवीन कोणीतरी मुलगा होता. मी पिशवी घेऊन वर आले तर आमच्या खोलीत टाळ्या चाललेल्या, आणि पहिल्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, हातात पार्लेजी, माझा नवरा. त्या मुलाने त्याला मायेने आत बसवलं होतं, नवीन मेंबर म्हणून. आणि हा भिडस्त माणूस, "मी पीत नाही" असं सांगणं त्याला उद्धटपणाचं वाटलं असावं, गप बसून राहिला होता. कदाचित असंही असेल की अजून एकदा माझं स्वतःवर घ्यायला त्याला काही वाटलं नाही. काका मागून ओरडले, "अरे त्यांना कुठे बसवलंय, ते कोकमवाले!" आणि वर्ग जो हसला, तो पंखा बंद पडल्यासारखा सगळा घाम पुसत हसला.

मी त्याला पलीकडे सोडून आले. माईंनी बाकावर जागा केली.

मीटिंग संपल्यावर खाली स्कूटरपाशी भेटलो. त्याच्या पाठीला खडू लागलेला, मी झटकला. विचारलं, काय बोलली तुमची मंडळी?

"ते तिथेच ठेवायचं असतं," म्हणाला. हेल्मेट घातलं, किक मारली, सिग्नलपर्यंत काही बोलला नाही. सिग्नलला मान वळवून म्हणाला, "पण चप्पल फेकलेली चालते म्हणे."

"बूट," मी म्हटलं. "बूट होता तो."

"माझ्याकडे दोन्ही आहेत," म्हणाला, आणि हिरवा पडला.